लपून राहणाऱ्या चित्रकारांनी दारे उघडली तेव्हा

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, गवानस कालव्याच्या काठी, दर ऑक्टोबरात एका शनिवार-रविवारी जुन्या कारखान्यांची दारे सगळ्यांसाठी उघडतात. कोणीही जिने चढून वर जावे, चित्रकाराशी दोन शब्द बोलावेत, ओला कॅनव्हास जवळून पाहावा. आज याला जत्रेची कळा आली आहे. या प्रथेचे एक महत्त्वाचे मूळ मात्र नदीपलीकडच्या मॅनहॅटनमध्ये, सोहोत आहे, आणि तिथे दार उघडणे ही जोखीम होती.

ह्यूस्टन स्ट्रीट आणि कनाल स्ट्रीटच्या मधल्या या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिडाच्या दर्शनी भागांच्या इमारती उभ्या राहिल्या. कापड, कागद, चिंध्या, पुठ्ठ्याची खोकी असा सगळा माल इथे बने आणि साठे. उंच छत, मोठ्या खिडक्या, मध्ये भिंती नसलेले लांबलचक मजले आणि मालवाहू लिफ्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने एकेक करून बाहेर जाऊ लागले. आगी तर इतक्या लागत की अग्निशमन दलात या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत. त्यातच शहराची बांधकामे ठरवणारे बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना इथून द्रुतगती महामार्ग न्यायचा होता. जी इमारत उद्या पाडली जाणार, तिच्यावर मालक पैसा कशाला घालेल? भाडी पडलेलीच राहिली, आणि मोठे कॅनव्हास रंगवणाऱ्यांना हवी तेवढी जागा परवडू लागली.

अडचण कायद्याची होती. हा औद्योगिक पट्टा, इथे राहण्यास मनाई. बहुतेकांना स्टुडिओ आणि घर अशी दोन भाडी झेपणारी नव्हती, म्हणून ते तिथेच राहत आणि तपासनीस आला की राहत असल्याच्या खुणा लपवत. 1961 मध्ये कलाकारांनी आपले काम प्रदर्शनांतून काढून घेण्याची, म्हणजे सरळ संपाचीच, धमकी दिली. तेव्हा महापौर वॅग्नर यांच्या प्रशासनाने मर्यादित सवलत दिली. इमारतीबाहेर ‘ए.आय.आर.’, म्हणजे ‘आत कलाकार राहतो’, अशी पाटी आणि मजल्याचा क्रमांक लावायचा. आग लागली तर वर माणूस आहे हे जवानांना कळावे, एवढाच तिचा उपयोग. मला या साऱ्या इतिहासात ही पाटी सर्वांत बोलकी वाटते, कारण शहराने कलाकाराचे अस्तित्व प्रथम मान्य केले ते आगीच्या भीतीने.

1967 मध्ये कलाकार जॉर्ज मॅच्युनस यांनी 80 वूस्टर स्ट्रीटची इमारत सहकारी तत्त्वावर कलाकारांच्या ताब्यात आणली. पुढच्याच वर्षी पॉला कूपर यांनी सोहोत गॅलरी काढली. 1969 मध्ये महामार्गाची योजना बारगळली. आनंद झाला, पण धोकाही वाढला. आता जमिनीला भाव येणार होता आणि राहणाऱ्यांच्या हाती कायद्याचा कागद नव्हता.

मग 1970 च्या मे महिन्यात सोहोतल्या कलाकारांच्या संघटनेने महोत्सव भरवला आणि लॉफ्टची, म्हणजे कारखान्यांच्या मजल्यांवरच्या या स्टुडिओ-घरांची, दारे लोकांसाठी उघडली. काल लपणारी माणसे आज पाहुण्यांना आत बोलावत होती. इथे काम चालते, या मजल्यांची आम्हाला गरज आहे, हे शहराने डोळ्यांनी पाहावे हा त्यामागचा हेतू होता. जानेवारी 1971 मध्ये शहराने प्रमाणित कलाकारांना इथे राहण्याची मुभा दिली. 1973 मध्ये परिसराला वारसा संरक्षण मिळाले, तर 1982 मध्ये राज्याच्या लॉफ्ट कायद्याने शहरातल्या अशा इतर इमारतींतल्या भाडेकरूंनाही आधार दिला.

पुढे सोहो श्रीमंतांचे झाले. ज्यांनी लढून तो भाग वाचवला, त्यांच्यानंतरच्या पिढीला तिथे जागा परवडेना, आणि कलाकार नदी ओलांडून ब्रुकलिनच्या गोदामांकडे वळले. गवानसचे पाणी इतके दूषित की 2010 मध्ये केंद्र सरकारने कालव्याला विषारी स्थळांच्या यादीत टाकले, तरी काठच्या इमारती स्टुडिओंनी भरल्या. 2021 च्या अखेरीस नगर परिषदेने दोन्हीकडचे नियम बदलले. सोहोत राहण्यासाठी कलाकार असण्याची अट सैल झाली आणि गवानसला उंच निवासी इमारतींची वाट मोकळी झाली. तिथल्या वाटाघाटींत कलाकारांची संघटनाही बसली होती, आणि तिने नव्या इमारतींत परवडणाऱ्या भाड्याचे स्टुडिओ राखून ठेवण्याचे वचन बिल्डरांकडून मिळवले.