शिफ्ट रिपोर्टात न सापडणारी ७२ मिनिटे

शिफ्ट सुटायला पंधरा मिनिटे उरलेली असतात आणि सीएनसी लेथवरचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणाऱ्या यंत्रावरचा, ऑपरेटर खिशातले पेन काढून दिवसभराचा रिपोर्ट भरायला घेतो. सेटिंग ४५ मिनिटे, ब्रेकडाउन २०, माल नव्हता २५. पुण्याची भोसरी असो की नाशिकचे सातपूर, हे आकडे बहुतेक वेळा पाचाच्या पटीतच येतात. मशीन काही पाचाचा पाढा म्हणत बंद पडत नाही. आठवून लिहिले की असे होते.

तरी हेच आकडे खरे धरून हिशेब करू. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची ३० मिनिटे वजा केली की ४५० मिनिटे राहतात. नोंदलेली ९० मिनिटे बंद, म्हणजे मशीन ३६० मिनिटे चालले. उपलब्धता ८० टक्के. एका नगाला १ मिनिट लागत असेल तर ३६० नग निघायला हवे होते. निघाले २८८. म्हणजे वेगही ८० टक्केच. त्यातले ९ रिजेक्ट झाले, चांगले २७९. गुणवत्ता सुमारे ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की ६२ टक्के. यालाच कारखान्यात ओईई म्हणतात, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता. जपानच्या सेईची नाकाजिमा यांनी टीपीएम या देखभालीच्या पद्धतीबरोबर हे माप रूढ केले.

आता ३६० आणि २८८ मधला फरक पाहा. ७२ नग, म्हणजेच ७२ मिनिटे. सेटिंगपेक्षा जास्त, ब्रेकडाउनच्या तिपटीहून अधिक, आणि रिपोर्टात त्याबद्दल एक अक्षर नाही.

ती जातात किरकोळीत. जॉबभोवती, म्हणजे कातल्या जाणाऱ्या तुकड्याभोवती, धातूच्या किसाची लांब चिप गुंडाळली गेली, आकडीने ओढून काढली, ४० सेकंद. सेन्सरवर कूलंट (कापताना गार ठेवणारे द्रव) साचले, फडके मारले, अर्धे मिनिट. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजला म्हणून फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, जरा कमी ठेवला; इथे तर मशीन चालूच आहे, ‘बंद’च्या रकान्यात लिहिणार काय? ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. ४० सेकंदांचा थांबा लिहून ठेवायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण असा थांबा शिफ्टमध्ये ४० वेळा आला तर जवळपास २७ मिनिटे गेली, आणि उद्याही तितकीच जाणार.

मशीनच्या कंट्रोलरवरून थेट सिग्नल घेतला तर थांबण्याची वेळ सेकंदापर्यंत कळते. कारण मात्र कळत नाही. अलार्म लक्षण सांगतो; रोग ओळखायला माणूसच लागतो. म्हणून मशीनशेजारी स्क्रीन लावून ऑपरेटरला कारणाचे बटण दाबायला सांगतात. इथे खरी कसोटी यादीची. साठ कारणे दिली तर हाताशी येईल ते बटण दाबले जाते, चारच दिली तर सगळे ‘इतर’मध्ये जाते. आणि यादीत कारणांऐवजी ‘मेंटेनन्स’, ‘स्टोअर’, ‘क्वालिटी’ अशी खात्यांची नावे असली की नोंद संपते आणि भांडण सुरू होते.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी दिलेले उदाहरण याच मुद्द्याचे आहे. मशीन थांबले, कारण जादा भाराने फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला तेल पुरेसे मिळत नव्हते. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. तो का झिजला? गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कचरा आत शिरला. रिपोर्टात ‘फ्यूज उडाला, २० मिनिटे’ एवढेच राहिले असते तर फ्यूज बदलला गेला असता, आणि काही दिवसांनी पुन्हा बदलावा लागला असता.

नाकाजिमांच्या काळापासून ८५ टक्के ओईई हा आदर्श मानला जातो. तो गाठायची एक पळवाटही आहे. वरच्या उदाहरणात एका नगाचा ठरलेला वेळ १ मिनिटाऐवजी ७५ सेकंद लिहा. वेग लगेच १०० टक्के होतो आणि ओईई ६२ वरून साडेसत्त्याहत्तरवर जाते. नग तेवढेच, २७९. ती ७२ मिनिटे मात्र आधी फक्त रिपोर्टात नव्हती. आता हिशेबातही नाहीत.