अँग्रची रेष: ग्रॅफाइट, माती आणि गुळगुळीत कागद

झाँ ओग्यूस्त दॉमीनिक अँग्र (1780–1867) हा फ्रेंच चित्रकार पेन्सिलीची व्यक्तिचित्रं ‘कॅमेरा ल्युसिडा’ लावून गिरवत असे, हा ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचा 2001 सालचा दावा आता अनेक जण सिद्ध झाल्यासारखाच सांगतात. हे उपकरण म्हणजे चार बाजूंचा छोटा लोलक. त्यात प्रकाशाचं दोनदा पूर्ण आंतरिक परावर्तन होतं आणि समोरचा माणूस कागदावर उमटल्याचा भास होतो. डोळा जरा हलला की प्रतिमाही सरकते. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वॉलस्टन यांना त्याचं पेटंट मिळालं डिसेंबर 1806 मध्ये. अँग्रने सप्टेंबरातच रोमसाठी पॅरिस सोडलं होतं, आणि निघण्यापूर्वी काढलेलं फोरेस्तिए कुटुंबाचं चित्र आज लूव्रमध्ये आहे. त्यातली रेष पुढच्या चित्रांइतकीच ठाम आहे.

लोलकातून फार तर डोळे, नाक, खांदा कुठे येतात ते कळेल. रेष कशी उमटेल हे ठरतं हाताच्या दाबावर, पेन्सिलीवर आणि कागदावर.

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत असतात. एका थरात शेजारच्या अणूंमधलं अंतर 0.142 नॅनोमीटर, तर दोन थरांमधलं 0.335. त्यामुळे थर आतून भक्कम, पण एकमेकांना सैल धरलेले. थरांवर चिकटलेलं हवेतलं बाष्पही घसरणीला मदत करतं, म्हणून निर्वात जागेत ग्रॅफाइटचा हा निसरडेपणा बराच कमी होतो. पेन्सिल टेकली की कागदाचे तंतू कानशीसारखे हे थर खरवडून घेतात.

शुद्ध ग्रॅफाइटचं टोक मात्र चटकन बोथट होतं. इंग्लंडशी युद्ध पेटल्याने तिथलं उत्तम ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते यांनी 1795 मध्ये पर्यायी कृतीचं पेटंट घेतलं: ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती पाण्यात मळायची, कांड्या वाळवायच्या आणि भट्टीत भाजायच्या. भाजलेल्या मातीच्या सांगाड्यात ग्रॅफाइटचे कण अडकून राहतात. माती वाढवली की कांडी कडक, रेष फिकट आणि टोक टिकाऊ. कमी केली की रेष काळी आणि मऊ. हव्या त्या कडकपणाची पेन्सिल मिळू लागली ती अशी, आणि अँग्रच्या उमेदीच्या काळातच.

टोक कितीही बारीक असो, खडबडीत कागदावर ग्रॅफाइट फक्त उंचवट्यांना लागतं आणि रेष भिंगाखाली तुटक दिसते. अँग्र या चित्रांसाठी बहुतेक वेळा गुळगुळीत पांढरा कागद घेई. पुठ्ठ्यावर कागदाचे थर गुंडाळून, कडा मागे चिकटवलेली तयार फळी असे. वरचा कागद तबल्याच्या पुडीसारखा ताणलेला, किंचित दबून परत उसळणारा. आज त्याच्या नावाने विकला जाणारा रेघारेघांचा कागद कोळसा आणि पेस्टलसाठी छान आहे, पण या चित्रांचा नव्हे.

1815 मध्ये नेपोलियनची सत्ता गेली, रोममधले फ्रेंच आश्रयदाते पांगले, आणि अँग्र इंग्रज प्रवाशांची चित्रं काढून पोट भरू लागला. 1816 मध्ये त्याने लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि त्याच्या पत्नीचं चित्र काढलं. हाच बेंटिंक 1829 मध्ये सतीबंदी करणारा गव्हर्नर जनरल. अशा चित्रांत चेहरा अतिशय बारीक, जवळजवळ समांतर रेघांनी घडवलेला असतो. गालाच्या सावलीतली एकेक रेघ वेगळी काढता येत नाही. कोट, शाल, झालर मात्र भरभर ओढलेल्या मोकळ्या रेषांत. वळणावर दाब वाढतो, उजेडाकडे रेष विरते.

स्वतः करून पाहायचं तर गुळगुळीत ब्रिस्टल (चित्रकलेचा जाड) कागद, चेहऱ्यासाठी कडक 2एच पेन्सिल, कपड्यांसाठी मध्यम एचबी. ब्लेडने सुमारे 1 सेंमी शिसं उघडं करा आणि बारीक पॉलिश पेपरवर फिरवत टोक काढा. सावली गडद हवी म्हणून 2एच दाबू नका: कागदात चर पडतो आणि तो खोडूनही जात नाही. मऊ पेन्सिलीचे थरावर थर चढवले तर कण दाबाने सपाट होऊन आरशासारखे चकाकतात आणि काळा भाग तिरक्या उजेडात राखाडी दिसतो. बारीक रेघांची दुसरी फेरी थोड्या वेगळ्या कोनात द्या. हाताखाली कोरा कागद ठेवा. तळव्याचं तेल लागलेल्या जागी ग्रॅफाइट एकसारखं बसत नाही. खोडरबर चेहऱ्यावर शक्यतो नकोच, कारण घासल्याने तंतू उभे राहतात आणि त्यावरची पुढची रेघ डागाळते.