ग्रोस मॉर्नमधला सहज दिसणारा मूस

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रोस मॉर्न हे सुमारे 1,805 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मूस पाहायला फारसे कसब लागत नाही, आणि अभ्यासकांना काळजी वाटते ती याच गोष्टीची. आपले सांबर ज्या कुळातले, त्याच कुळातला हा सर्वांत मोठा प्राणी असून पूर्ण वाढलेला नर चार-पाचशे किलो भरतो.

मूसचा देह थंडीसाठी घडलेला असल्यामुळे उन्हाळ्यात तापमान साधारण 14 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला उष्णतेचा त्रास होऊ लागतो. म्हणून तो दुपार दाट झाडीत काढतो आणि पहाटे किंवा संध्याकाळी दलदलीत व तळ्यांच्या काठी उतरतो, जिथल्या पाणवनस्पतींतून त्याला सोडियमही मिळते. वेस्टर्न ब्रूक पाँड या सरोवराकडे जाणारी सुमारे तीन किलोमीटरची पायवाट अशाच दलदलीतून जाते. तिथे अख्खा प्राणी शोधू नये. उभ्या खोडांच्या गर्दीत एखादी आडवी, काळपट रेषा दिसते का ते पाहावे, कारण बहुधा ती मूसची पाठ असते. दिसल्यावर निदान 30 मीटर अंतर राखावे. कान मागे पडले आणि मानेवरचे केस उभे राहिले, तर मुकाट्याने मागे फिरावे. रात्री गाडी चालवताना मात्र हाच प्राणी दिसत नाही: अंग गडद आणि डोळे दिव्यांच्या झोताच्या वर.

मूस या बेटाचा मूळ रहिवासी नाही. 1904 मध्ये कॅनडाच्याच न्यू ब्रन्सविक प्रांतातून आणलेले चार मूस हाउली गावाजवळ सोडण्यात आले, आणि आज बेटावर त्यांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. बेटावरचा लांडगा 1930 च्या सुमारास नामशेष झाला, तर उद्यानात 1973 नंतर शिकारही थांबली. भूक मात्र थांबली नाही. हिवाळ्यात मूस बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाची कोवळी रोपे इतकी खातात की किडींनी किंवा वाऱ्याने पाडलेल्या जंगलाच्या जागी नवे जंगल उभेच राहत नाही आणि तिथे गवत माजते. अखेर 2011 पासून उद्यानातच मर्यादित शिकारीला परवानगी द्यावी लागली. माझ्या मते ती उशिराच मिळाली.

कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतला रेनडिअर, हा बेटाचा खरा जुना रहिवासी, पण तो शोधावा लागतो. उन्हाळ्यात तो लाँग रेंज पर्वताच्या उघड्या माथ्यावर चरतो, आणि त्याचा करडा-पांढरा रंग खडक व उरल्यासुरल्या बर्फात इतका मिसळून जातो की दुर्बिणीतूनही तो हलेपर्यंत दगडच वाटतो. हिवाळ्यात काही कळप किनाऱ्यालगतच्या सखल भागात उतरतात, तेव्हा पर्यटक जवळपास नसतातच.