भेगेपासून भगदाडापर्यंत: मराठवाड्यातल्या कालव्यांची पार्श्वभूमी

पैठणला जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. त्या काळी सगळ्यांना एकच घोर होता, पाणी शेपटाच्या गावाला पोचेल का? दुष्काळी मुलखात तो रास्तच होता.

पण कालवा फुटतो तो जास्तीच्या पाण्याने, आणि त्यातली पहिली गोष्ट त्याच्या वाटेची. डावा कालवा गोदावरीच्या उत्तरेकडून पूर्वेला जातो. म्हणजे उत्तरेहून नदीकडे उतरणारे ओढे-नाले त्याला आडवेच येतात. त्यांच्यासाठी मोऱ्या बांधल्या, पण त्या जुन्या पावसाच्या हिशेबाने. पुढे त्या गाळाने, वेड्या बाभळीने बुजत गेल्या. ढगफुटीसारखा पाऊस झाला की तुंबलेलं पाणी कालव्याच्या भरावाला, म्हणजे काठच्या मातीच्या बांधाला, टेकून उभं राहतं, नाही तर वरच्या अंगाने थेट कालव्यात घुसतं. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की तो फार वेळ टिकत नाही.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. मे महिन्यात कालव्याच्या कडेने चालून बघा, काठी कोपरभर आत जाईल अशा भेगा असतात. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि कालव्याचं वरचं अस्तर, म्हणजे आतून दिलेला पक्का थर, त्या ओढाताणीत तडकतं. मुंबई आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर उपाय मांडला होता. काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा जाड थर द्यायचा. थर नसेल तिथे पहिला जोराचा पाऊस भेगांतून सरळ भरावाच्या पोटात उतरतो. ओल्या भरावाचं वजन वाढतं, आतल्या पाण्याच्या दाबाने मातीची पकड सुटते आणि उतार घसरतो. घुशींनी बिळं केलेली असली तर बघायलाच नको.

हवामानबदलाचा संबंध इथे येतो. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचं अभ्यास सांगतो. आपल्याकडे त्याला दुष्काळाची जोड आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मराठवाड्यात पूर आले. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ वादळाच्या पावसाने मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडायला लावले. सप्टेंबर २०२५ ला जायकवाडीतून सुमारे ३ लाख क्युसेक पाणी सोडलं गेलं. नुसता पाऊस किंवा नुसता कोरडा उन्हाळा भराव कदाचित सोसेल. एकामागून एक दोन्ही आले, की आधीची भेग पुढच्या पाण्याला वाट करून देते.

पावसाळ्यात सहसा आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, नसल्याने कालव्याकडे फारसं कुणी बघत नाही. आतून भिजून मऊ पडलेली जागा झाडोऱ्याखाली झाकलेली राहते. मग रब्बीचं पहिलं पाणी सुटतं, भरावाच्या पायथ्याशी गढूळ पाझर दिसायला लागतो आणि पाटकऱ्याचा फोन वर पोचेपर्यंत तिथे भगदाड पडलेलं असतं, तेही डोक्यावर निरभ्र आभाळ असताना.