कोयनेचे १९६० मेगावॅट आणि तुमच्या बिलातले युनिट

'या प्रकल्पातून वर्षाला ५० मेगावॅट वीजनिर्मिती होणार आहे.' हे वाक्य अधूनमधून कुठल्या ना कुठल्या बातमीत असतंच आणि दर वेळी ते वाचून माझं डोकं फिरतं. वर्षाला ५० मेगावॅट म्हणजे काय? काहीही नाही. 'कोयनेतून वर्षाला २१०० क्युसेक पाणी सोडणार' असं कुणी छापलं, तर सांगलीत टपरीवर चहा पिणारा माणूसही विचारेल, "वर्षाला क्युसेक? शुद्धीवर आहे का हा?" विजेच्या बाबतीत मात्र तोच माणूस मान डोलावतो आणि पान उलटतो.

सांगलीकराला क्युसेक आणि टीएमसी शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे इथं पोरासोरांना ठाऊक आहे. धरणात आहे किती ते टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), सोडतात किती ते क्युसेकमध्ये. एक लाख क्युसेक दिवसभर सोडलं की साडेआठ टीएमसीच्या वर पाणी निघून जातं, हा हिशोब लोक तोंडी करतात. पहिलं साठ्याचं माप, दुसरं वाहण्याच्या दराचं. एवढं पुरे.

आता किलोवॅट, मेगावॅट, अश्वशक्ती ही सगळी क्युसेकच्या बाजूला बसवा. युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, टीएमसीच्या बाजूला. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' प्रकरणात पहिल्याला शक्ती म्हणतात, दुसऱ्याला ऊर्जा. पोरं दोन्ही व्याख्या घडाघडा म्हणतात, गणितंही सोडवतात, आणि घरी जाऊन "आमचं बिल तीन किलोवॅट आलं" असं सांगतात.

हे होतं का, त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. क्युसेक म्हणजे घनफूट दर सेकंदाला. त्यातला सेकंद उघड आहे. वॅटमधला सेकंद लपलेला आहे. एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक जूल, पण 'वॅट' या नावात काळाचा मागमूस नाही. ऐकणाऱ्याला ते किलो-लिटरसारखं मोजून पिशवीत भरायचं काहीतरी वाटतं. उलट ज्याची खरोखर पिशवी भरते, त्या मापाच्या नावात 'तास' येऊन बसला आहे. मग माणूस म्हणतो, तास आहे म्हणजे दर असणार, आणि मधे 'प्रति' घुसडून 'किलोवॅट प्रति तास' करून टाकतो. दोन्ही मापं बरोब्बर उलटी समजली जातात. दुसरा कुठलाही घोटाळा मी चालवून घेईन, हा नाही. वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतं, "सर, किलोवॅट-तास म्हणजे किलोवॅट भागिले तास ना?" नाही रे बाबा, गुणिले. एक किलोवॅटचं काहीतरी एक तास चालवलं की एक युनिट. अर्ध्या किलोवॅटचं दोन तास चालवलं तरी एकच युनिट. दराला वेळेनं गुणलं की साठा मिळतो. दर आधीच दर सेकंदाचा आहे, त्याला परत तासानं कशाला भागायचं?

'किलोवॅट प्रति तास' याला अर्थच नाही असंही नाही म्हणा. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला विजेची मागणी किती झपाट्यानं चढते, ते सांगायला हे माप चालेल. बिलाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

क्युसेकचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण कोयनेत तो नुसता दाखला राहत नाही. शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी सह्याद्री पोखरून पोफळीच्या वीजगृहाकडं नेलं आहे आणि तिथं ते पावणेपाचशे-पाचशे मीटर खाली पडतं. हिशोबाला ४८० धरा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. तेवढं पाणी एवढ्या उंचीवरून पडलं आणि यंत्रांनी त्यातलं ९० टक्के पदरात पाडून घेतलं, तर सुमारे १२० किलोवॅट मिळतात. तेच एक टीएमसीचं करून बघा, सव्वातीन कोटींच्या वर युनिट येतात. म्हणजे कोयनेत क्युसेकचे किलोवॅट होतात आणि टीएमसीचे युनिट. क्युसेकचे युनिट कधीच होत नाहीत, आधी वेळ सांगावा लागतो.

एका टीएमसीत किती युनिट, हे मात्र उंची ठरवते. धरणाच्या पायथा वीजगृहाची दोन्ही यंत्रं चालली की २१०० क्युसेक नदीत येतं, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. ती दोन यंत्रं मिळून ४० मेगावॅटची आहेत. तेवढंच पाणी पोफळीच्या बाजूला पडलं तर अडीचशे मेगावॅटपर्यंत जातं. पाण्यात वीज भरलेली नसते. पाणी उंचावर असतं, ती उंची हाच साठा. पुस्तक त्याला स्थितिज ऊर्जा म्हणतं. वीज म्हणजे तो साठा खाली उतरताना दुसरीकडं पोहोचवण्याची वाट. आणि दर वर्षी तो साठा परत वर नेऊन ठेवणारा पाऊस, हा स्रोत. या तिघांची सरमिसळ करणारेही भेटतात, पण ती एका वाक्यात सुटते, म्हणून त्यावर जास्त जागा घालवत नाही.

आता १९६० मेगावॅट. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता एवढी आहे, त्यातले १००० एकट्या चौथ्या टप्प्याचे. हे ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे: १९६० मेगावॅट भरलेली एक प्रचंड टाकी. खरं चित्र वेगळं आहे. सगळी यंत्रं पूर्ण जोरात वर्षभर चालली, तर १,७०० कोटींच्या वर युनिट तयार होतील. पण कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेकडं वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच ठरवून दिलं आहे. वरच्या दरानं त्याचे सव्वादोनशे कोटी युनिट होतात. खाली कोळकेवाडीला तेच पाणी आणखी शंभरेक मीटर उतरतं, ते धरून पावणेतीनशे कोटींच्या आसपास. म्हणजे क्षमतेच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढं. सगळी यंत्रं एकदम सोडली तर वर्षाचा कोटा दोन महिन्यांत संपेल.

मग एवढी मोठी यंत्रं बसवली कशाला, असा प्रश्न साठा आणि दर यांत घोळ करणाराच विचारतो. कोयनेचं खरं मोल दरातच आहे. संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात. कोळशाचं केंद्र सावकाश तापतं, सावकाश चढतं. कोयनेत झडप उघडली की काही मिनिटांत शेकडो मेगावॅट हजर. साठा बेताचा, पण तो हवा तेव्हा, हव्या त्या वेगानं ओतता येतो. पाणी कमी आणि मेगावॅट जास्त, यात चूक काहीच नाही, ते ठरवूनच केलेलं आहे.

उलट चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघा, नाहीतर आपल्याकडं ढालगावच्या. तिथलाही एक मेगावॅट एक मेगावॅटच. पण तो वारा देईल तेव्हा. पावसाळ्यात पाती जोरात फिरतात, ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडं बघवत नाही. वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. टक्केवारी कोयनेच्या जवळपास, कारण मात्र पार वेगळं. कोयना थांबते ती थांबवली म्हणून, पवनचक्की थांबते ती वारा नाही म्हणून. साखर कारखान्याचा चिपाडावरचा वीजप्रकल्प तिसऱ्याच तऱ्हेचा. गाळप चालू आहे तोवर रात्रंदिवस एकसारखा, हंगाम संपला की बंद. तिघांच्या नुसत्या मेगावॅटची बेरीज करून 'जिल्ह्यात इतकी वीज तयार होते' असं लिहिणाऱ्याला नमस्कार.

टेंभू आणि म्हैसाळ योजना हेच काम उलट्या दिशेनं करतात, पाणी वर चढवतात. एक टीएमसी पाणी १०० मीटर उचलायला कमीत कमी ७७ लाख युनिट लागतात. पंपातली, पाइपातली घट धरली तर आणखी. हे ७७ लाख चुकवता येत नाहीत. पाणी दहा दिवसांत उचला, नाहीतर शंभर दिवसांत, युनिट तेवढेच. बदलतात ते मेगावॅट: दहा दिवसांत उचलायचं तर ३२ मेगावॅटची सोय हवी, शंभर दिवसांत तीन-सव्वातीन पुरतात. फळ्यावरच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मला हे उदाहरण जास्त आवडतं, कारण यात ऊर्जा जागची हलत नाही आणि शक्ती दहापट होते.

घरात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघायचे असतील तर मीटरपाशी उभं राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच, एका युनिटमागं तो किती वेळा लुकलुकणार, ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर वेगळं. ३२०० वाल्या मीटरवर नुसता ७५ वॅटचा पंखा चालू असेल तर दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकतो. दोन किलोवॅटचा गीझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. लुकलुकीचा वेग म्हणजे किलोवॅट, आणि पडद्यावर सावकाश सरकणारा आकडा म्हणजे युनिट. गीझर लावल्यावर "मीटर बघ कसा पळतोय" म्हणून घाबरणारी माणसं वेग बघत असतात. पंधरा मिनिटांत गीझर अर्धा युनिट खातो. तो पंखा चोवीस तास विसरून चालू ठेवला तर १.८ युनिट. साडेतीनपटीहून जास्त, आणि त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. हजार किलोवॅटचा एक मेगावॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, हे परीक्षेपुरतं. केव्हीए ज्यांच्या बिलात येतं त्यांच्या कारखान्यात ते समजावणारा माणूस असतो. एक मात्र ध्यानात ठेवा: 'कोयनेचं एक युनिट बंद' या बातमीतलं युनिट म्हणजे अख्खं यंत्र. बिलातल्या युनिटशी त्याचं नातं नाही.

बिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये असतो, वापर युनिटमध्ये. भार म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती ओढायची परवानगी आहे ते. शेतीपंपांची गोष्ट न्यारी. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर ठरतं, आणि मोफत विजेच्या योजनेची मर्यादाही साडेसात अश्वशक्ती अशीच आहे. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर मोटारीतली घट सोडून तीस युनिट, दोन तास चालली तर साडेसात. अश्वशक्ती दोन्हीकडं तीच. नुसत्या अश्वशक्तीवर आकारणी म्हणजे पाइपाची जाडी बघून पाणीपट्टी लावणं. मला ती पद्धत पटत नाही. किती वीज कुठं गेली याचा हिशोबच त्यात उरत नाही.

छतावरच्या सोलरवाल्यांचं तर विचारूच नका. "सर, रोज तीन किलोवॅट पडतील बघा," असं एकानं मला छातीठोकपणे सांगितलं. तीन किलोवॅट हा त्या पॅनेलचा भर दुपारचा, स्वच्छ उन्हातला दर. दिवसाला पडणार ते युनिट, आणि आपल्याकडं ते साधारण बारा धरावेत, पावसाळ्यात त्याहून कमी. विक्रेत्याला 'वर्षाचे युनिट किती' एवढंच विचारा. त्यावर परत किलोवॅटच सांगत बसला तर दुसरा गाठा.

इन्व्हर्टर घेतानाही तेच. डब्यावरचा ९०० व्हीएचा आकडा म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. वीज गेल्यावर किती तास चालेल ते बॅटरी सांगते: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १.८ युनिट. दोन पंखे आणि चार दिवे मिळून २०० वॅट धरले तर कागदावर नऊ तास, प्रत्यक्षात सहा-सात. डबा मोठा घेऊन बॅटरी तीच ठेवली तर वेळ एका मिनिटानंही वाढत नाही. फक्त मिक्सर लावता येतो, आणि बॅटरी आणखी लवकर बसते.