तोंबक बनवायचा म्हणजे पाण्याशी गाठ

इराणी संगीत ऐकताना संतूर किंवा सेतार या इराणी तंतुवाद्याच्या मागे जो ढोल वाजतो ना, पेल्याच्या आकाराचा, मांडीवर आडवा धरून नुसत्या बोटांनी वाजवतात, तो तोंबक. नाव आवाजावरूनच पडलं म्हणतात, मध्यावर घुमणारा 'तोम' आणि काठावर टणक 'बक'.

उंची साधारण ४५ सेंटीमीटर, तोंड २८च्या आसपास, आणि जुन्या पद्धतीत हे सगळं एकाच ओंडक्यातून कोरतात, तुतीच्या नाहीतर अक्रोडाच्या. कसोटी इथेच लागते. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही, वर्षवलयांच्या कडेकडेने ते गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे अख्खा गोल ओंडका तसाच वाळवला तर तो हमखास तडकतो. आतलं पोखरून टाकलं की भिंतीला आकसायला जागा मिळते, पण वाळवण्यात घाई केली तर चीर पडणारच.

मग कातडं, कोकराचं, बकऱ्याचं किंवा उंटाचं. ते भिजवून मऊ करतात, तोंडावर ताणून सरसाने चिकटवतात आणि वाळू देतात, वाळताना त्यातले कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू आखडतात आणि ढोल स्वतःहूनच ताणला जातो. इथे तबल्यासारख्या वाद्या नाहीत, गट्टे नाहीत, नंतर स्वर चढवायची सोयच नाही! ओलं कातडं हाताला किती सैल लागलं पाहिजे हा अंदाज कारागिराच्या बोटांतच असतो, आणि मला तरी या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

शाईही नाही, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर असतो तो काळा गोल. साध्या गोल ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४ पट असे विचित्र अंतरांवर येतात, म्हणून त्यातून स्पष्ट सूर लागत नाही. तबला-मृदंगाची शाई ते सुरात आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. तोंबकच्या 'तोम'ला खोली मिळते ती पोटातल्या हवेमुळे, रुंद पोट आणि अरुंद गळा, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमते तसंच काहीसं.

इराणी तोंबकवादक हुसेन तेहरानी (निधन १९७४) यांनी साथीच्या या वाद्याला एकट्याने मैफल करायला लावली. पण हवा दमट झाली की त्याच कातड्यात परत पाणी शिरतं आणि 'तोम' ढिला पडतो, म्हणून वादक आजही वाजवायच्या आधी तोंबक हीटरसमोर धरतात, हळूहळू फिरवत, मधेमधे बोटाने टिचकी मारून ऐकत.