भाषांचं ठाणे स्टेशन

ठाणे स्टेशनात रोज लाखो माणसं उतरतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं ठाण्यात काहीच काम नसतं. डोंबिवलीहून आलेला माणूस जिना चढतो, पूल ओलांडतो, १० नंबरवर उतरतो आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ऐरोलीला नाहीतर रबाळ्याला कामावर जातो. त्याला ठाणे आवडतं का, तलावपाळीवर तो कधी बसला आहे का, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. इथे गाडी बदलता येते, म्हणून तो इथे येतो.

इंग्रजी जगभर का पसरली, असं कुणी विचारलं की मला हा पूल आठवतो. या प्रश्नावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, ती सोपी आहे. दोन, ती ज्ञानाची भाषा आहे. पहिलं उत्तर देणाऱ्याने सहावीतल्या मुलाकडून स्पेलिंगं पाठ करून घेतलेली नसावीत. दुसऱ्या उत्तरात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे, तिकडे वळूच.

डच समाजशास्त्रज्ञ आब्राम द स्वान यांनी भाषांकडे जाळं म्हणून पाहिलं. एखादी भाषा शिकून किती फायदा होणार, हे त्यांच्या मते दोन गोष्टींवर ठरतं: ती थेट किती माणसांना येते, आणि त्यांतल्या किती जणांना आणखी एखादी भाषा येते, म्हणजे ती इतर भाषांना किती जोडते. व्याकरण, उच्चार, साहित्य यांना या हिशेबात जागा नाही. साधं गणित बघा. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. प्रत्येक भाषेला दुसऱ्या प्रत्येक भाषेशी थेट जोडायचं तर २३१ जोड्यांसाठी दुभाषे लागतील. सगळ्यांनी बाहेरच्या एकाच भाषेत गाडी बदलायची ठरवली, तर २२ जोड्यांत भागतं. शिवाय जंक्शनचा एक स्वभाव असतो: गाड्या थांबतात म्हणून माणसं येतात, आणि माणसं येतात म्हणून आणखी गाड्या थांबवाव्या लागतात. चक्र एकदा फिरू लागलं की जंक्शन मुळात तिथेच का झालं, हे कुणी विचारत नाही.

मुळात ते तिथे होण्याचं काही कारण नव्हतं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं त्या देशात इंग्रजी ही गावंढळांची भाषा होती. दरबार फ्रेंचमध्ये, कोर्ट फ्रेंचमध्ये, चर्च लॅटिनमध्ये. गोठ्यातली गाय ‘काऊ’ आणि ताटात आली की ‘बीफ’, हा प्रकार तेव्हाचा: पाळणारा इंग्रजी बोलणारा, खाणारा फ्रेंच बोलणारा. कोर्टाचं कामकाज लोकांना कळत नाही म्हणून १३६२ साली इंग्रजीत बाजू मांडण्याचा कायदा झाला, आणि तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये. मराठीच्या वापराबद्दलची परिपत्रकं इंग्रजीत वाचलेल्यांना यात नवल वाटू नये. स्पेलिंगचं म्हणाल तर १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला आणि शब्दांची रूपं ठरत गेली, पण त्याच काळात लोकांचे स्वरोच्चार झपाट्याने बदलत होते. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला (knight) ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जाई. तोंडाने तो सोडला, कागदाने धरून ठेवला. शेक्सपिअरच्या काळातही ही भाषा बोलणारे पाऊण कोटीच्या आतच होते आणि बेटाबाहेर तिला विचारत कुणी नव्हतं.

आपल्या बाजूला तेव्हा वेगळीच जंक्शनं होती. दख्खनच्या दरबारात फार्सी होती, म्हणून आजही आपण अर्ज करतो, वकील लावतो, फिर्याद देतो आणि पुढची तारीख घेतो. किनाऱ्यावर पोर्तुगीज होती. ठाणे जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. आज ज्याच्या भिंतींआड मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला त्यांनीच बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकलं आणि पोर्तुगीज गेले. मागे राहिले ते पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, बिजागरी आणि घमेलं. भाषेची सद्दी संपली की ती अशी स्वयंपाकघरात आणि सुताराच्या पेटीत उरते. (देवघेव दोन्हीकडून चालते. इंग्रजीतला ‘माँगूस’ हा आपला मुंगूस आहे, तो पोर्तुगीजांच्या बोटीतून तिकडे गेला.)

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं. १८३५ मध्ये इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं मेकॉलेचं टिपण आलं, १८३७ च्या कायद्याने कोर्टातून फार्सी हटवायची वाट मोकळी झाली, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. त्या गाडीतून जे शब्द उतरले ते परत गेलेच नाहीत. तेही इथल्या पाण्यात मुरून: ते स्टेशन, ती लोकल, तो सिग्नल. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसतं. आपण प्रत्येक शब्दाला दारातच अडवून ‘तो, ती की ते?’ विचारून घेतो.

पण नुसत्या साम्राज्याने हे झालं नसतं. राज्य गेलं की भाषेचं काय होतं, हे ठाण्याने पोर्तुगीजच्या बाबतीत पाहिलंच होतं. १९४७ नंतर इंग्रजीही हळूहळू घमेल्याच्या वाटेने गेली असती. तसं झालं नाही, कारण एक महासत्ता मावळत असताना जी दुसरी उगवली, तिचीही भाषा योगायोगाने तीच होती. बदल दिसायला लागला होता पहिल्या महायुद्धानंतरच. १९१९ चा व्हर्सायचा तह फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारखाच प्रमाण मानला गेला. तोवर युरोपातल्या मुत्सद्दीपणाची भाषा फ्रेंच होती.

आणि विज्ञानाची? इथे जरा थांबायला हवं, कारण ‘ज्ञानाची भाषा’ हा दावा इथेच तपासता येतो. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या मोजणीबद्दल एक छोटा लेख इंग्रजीत लिहिला आणि थेट आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून ‘त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिक’ या नियतकालिकात छापून आणला. आज ज्यांना बोसॉन म्हणतात त्या कणांचं संख्याशास्त्र जगापुढे आलं ते असं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इंग्रजीत लिहिलेलं भौतिकशास्त्र जगाने वाचावं म्हणून जर्मनमध्ये न्यावं लागत होतं! बोस आणि मेघनाद साहा यांनी त्याआधी सापेक्षतेवरचे मूळ लेख इंग्रजीत आणले, तेही जर्मनमधूनच.

मग जर्मनची गाडी कुठे घसरली? भाषेत काही बिघाड झाला नाही. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं जर्मन शास्त्रज्ञांना आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बाहेर ठेवलं गेलं. १९३३ पासून नाझींनी ज्यू प्राध्यापकांना नोकऱ्यांवरून काढलं आणि ते अमेरिका-ब्रिटनला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगशाळा, पैसा आणि नियतकालिकं अमेरिकेत एकवटली. बोस यांचा लेख छापणारं ते जर्मन नियतकालिकही १९९० च्या दशकाअखेर एका युरोपीय नियतकालिकात विलीन झालं. त्या नव्याचं नाव इंग्रजी आहे. ज्ञान आधी इंग्रजीच्या दारात आलं, ‘ज्ञानाची भाषा’ ही पाटी नंतर लागली.

पुढचा टप्पा संगणकाचा. १९६३ मध्ये अमेरिकेत अक्षरांचं जे प्रमाण ठरलं, त्यात एकूण १२८ घरं होती: रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राच्या काही खुणा. देवनागरीचा त्यात विचारच नव्हता. त्याची किंमत आपण एसएमएसच्या काळात पैशांत मोजली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, आणि एक बाइट म्हणजे ८ बिट. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला १६ बिट, म्हणून मराठीत ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मुंब्रा’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द, फोनच्या हिशेबाने सात खुणांचा. तेव्हाच्या कॉलेजातल्या मुलांनी मराठी रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना मातृभाषेचा अभिमान नाही म्हणून बरीच ओरड झाली. खरं तर पोरं मेसेजचे पैसे वाचवत होती.

आता या सगळ्याचा अर्थ काय? जगात आज इंग्रजी कमी-अधिक येणारे दीडशे कोटींच्या आसपास आहेत आणि ती ज्यांची मातृभाषा आहे असे चाळीस कोटींच्या आसपास. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या चारांपैकी तिघांनी ती बाहेरून उचललेली. हे प्रमाण असलं की घरची मंडळी अल्पमतात येतात. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकातच म्हटलं होतं की इंग्रजीला आता एकवचन पुरत नाही, अनेक इंग्रजी आहेत आणि भारतातली इंग्रजी ही त्यांतली एक आहे. आपण रुळवलेलं ‘प्रीपोन’ आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे.

याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण आता आपल्या अंगणात आलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यात रेडिओवर जी इंग्रजी चालते, तिच्या नियमात ‘थ्री’ हा आकडा ‘ट्री’ असा उच्चारायचा असतो. ‘फाइव्ह’चं ‘फाइफ’, ‘नाइन’चं ‘नाइनर’, ‘थाउजंड’चं ‘टाउजंड’. कारण ‘थ्री’मधला तो दातांतून सुटणारा ध्वनी जगातल्या बहुतेक भाषांत नाही, आणि खरखरीत रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात. शाळेत ज्या ‘ट्री’बद्दल आम्ही हातावर पट्टी खाल्ली, तोच इथे नियम आहे, आणि लंडनच्या वैमानिकालाही तो लागू आहे.

यामागे जिवाचा प्रश्न आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं प्रवासी विमान आणि कझाकस्तानचं विमान एकमेकांवर आदळलं. दोन्ही विमानांतली सगळी, ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, आणि चौकशीत त्यांच्या वैमानिकांचं कच्चं इंग्रजी हेही एक कारण म्हणून पुढे आलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी पायरी गाठावी लागते. न्हावा-शेवाला येणाऱ्या बोटींसाठीही असंच मोजक्या, ठरीव वाक्यांचं इंग्रजी आहे; २००१ पासून ते जगभर मान्य आहे. शेक्सपिअरला त्यातलं निम्मं रुक्ष वाटेल. फिलिपिनो खलाशाला आणि बोट बंदरात आणणाऱ्या उरणच्या पायलटला ते कळतं, आणि ते त्या दोघांसाठीच आहे.

जंक्शनचा फायदा मात्र सगळ्यांना सारखा मिळत नाही. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर राहणारा आणि दोन रिक्षा बदलून येणारा, दोघांचं तिकीट एकच असलं तरी दिवस एक नसतो. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या देशांत इंग्रजी कच्चं आहे, तिथल्या नवोदित संशोधकांना इंग्रजीतला लेख वाचायला इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट वेळ लागत होता. भाषेच्या कारणावरून त्यांचे लेख परत येण्याचं प्रमाणही अडीच पटींच्या आसपास होतं.

नर्सरीपासूनच इंग्रजी घातलं की हे अंतर मिटेल, असं आपल्या घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक सोसायटीत मानलं जातं. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांबाबत वेगळंच दाखवलं. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलांना दोनेक वर्षांत येते; पाठ्यपुस्तकातली, कारण-परिणाम मांडणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल फाडफाड बोलतं म्हणून आजी खूश असते, आणि शाब्दिक उदाहरण आलं की ते गप्प का होतं हे कुणाला उमगत नाही. गणित कच्चं आहे म्हणून क्लास लावला जातो.

आता भाषांतराची यंत्रं आली आहेत, मग जंक्शनची गरज संपेल का? कल्याणच्या लोकांना ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईला जाता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग आखलेला आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, मार्ग रखडला. यंत्रांचंही सध्या साधारण तसंच आहे. दोन भारतीय भाषांमध्ये थेट भाषांतराचा मजकूर कमी, म्हणून बरीच यंत्रं आतल्या आत इंग्रजीतून गाडी बदलून येतात, आणि बदलताना सामान फलाटावर राहतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मासींनी मागे एकदा गुजरातीत मेसेज पाठवला: ‘रविवारे आपणे येऊर जईए छीए.’ मला ती लिपी धड वाचता येत नाही, म्हणून फोनला विचारलं. फोन म्हणाला, ‘रविवारी आम्ही येऊरला जात आहोत.’ गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ वेगळे, मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. मधल्या इंग्रजीत दोघांना मिळून एकच शब्द. मी ‘छान, मजा करा’ असं उत्तर पाठवून मोकळा झालो. रविवारी सकाळी सहाला बेल वाजली. बर्म्युडावरच दार उघडलं तर समोर मासी, हातात थेपल्यांचा डबा, मागे काका टोपी घालून उभे.

‘तमे हजी तैयार नथी?’